देव आहे कशावरून?

श्रावणातला सोमवार होता. मी देवघरात समईची वात पुढे सारत होते, तोच पाठीमागून नातीचा आवाज आला, "आजी, देव आहे कशावरून?"

मी म्हटलं, "आधी अंघोळ करून ये. मग सांगते."

"आजी, टाळू नकोस ना!"

मग उलगडा झाला. बाईसाहेब नववीत आहेत. शाळेत वादविवाद स्पर्धा होती आणि विषय निघाला होता, 'पुराव्यावाचून देव मानणे सयुक्तिक आहे काय?' चिठ्ठ्या टाकल्या, त्यात हिच्या वाट्याला विरोधी बाजू आली. सरावासाठी देवाच्या बाजूनं बोलणारं कुणीतरी हवं होतं. तिचे आईवडील दोघंही नोकरीवाले, सकाळी त्यांना बोलायलाही सवड नसते. राहता राहिलो आम्ही दोघं. त्यातले 'हे' देवाच्या बाजूनं बोलणं शक्यच नाही!

आमच्या यांनी पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. लग्न झाल्यापासून मी यांना देवापुढे हात जोडताना पाहिलेलं नाही. गणपतीची मूर्ती मात्र दर वर्षी हेच आणतात, शाडूचीच हवी म्हणून दुकानदाराशी हुज्जत घालतात आणि आरतीला झांजाही वाजवतात. कुणी विचारलं तर म्हणतात, "मी देव मानत नाही. मोदक मानतो."

मी बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं होतं. वर्गात आम्ही सहाच मुली. लग्नानंतर सासूबाई मिस्कीलपणे विचारायच्या, "तत्त्वज्ञानानं आमटीला चव येते का गं?" तेव्हापासून ती पुस्तकं माळ्यावर गेली ती गेलीच. पण मैत्रिणींनो, तरुणपणी पाठ केलेलं सहसा विसरत नाही. मी पदर खोचला, साबुदाण्यावर झाकण ठेवलं आणि म्हटलं, "बस समोर. आबा परीक्षक."

यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. सामना सुरू झाला.

मी पहिला मुद्दा टाकला. "तू रोज कितीतरी गोष्टी पुराव्यावाचूनच मानतेस. मी दुधात साखर घातली की मीठ, हे तपासून दूध पितेस का? रिक्षात बसताना रिक्षावाल्याचं लायसन बघतेस का? विश्वासावाचून माणसाचं पान हलत नाही. मग एका देवानंच काय घोडं मारलंय?"

मला वाटलं, आता ही गप्प बसेल. कसची बसते!

"आजी, तू आजवर मला हजार वेळा दूध दिलंस आणि एकदाही मीठ घातलं नाहीस. हाच माझा पुरावा. समजा, उद्या मीठ निघालं तर परवा मी बोट बुडवून बघीन. देवाच्या दुधात मीठ निघालं तरी तुम्ही काय म्हणता? 'त्याची काहीतरी योजना असेल!' मग तो विश्वास आणि हा विश्वास एक कसा?"

परीक्षकांनी तिला पूर्ण गुण दिले.

मी माळ्यावरचं गाठोडं सोडलं. म्हटलं, आपल्याकडे दहाव्या शतकात उदयनाचार्य नावाचे मोठे नैयायिक होऊन गेले. ईश्वर आहे हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी 'न्यायकुसुमांजली' हा अख्खा ग्रंथ लिहिला. त्यातली एक युक्ती आपल्या ओळखीची आहे. मडकं दिसलं की ते घडवणारा कुंभार असलाच पाहिजे, हे आपण धरून चालतो. तसं एवढं जग दिसतंय, तर ते घडवणाराही असला पाहिजे.

"मग त्या कुंभाराला कुणी घडवलं?" नात म्हणाली.

"तो स्वयंभू."

"तो स्वयंभू चालतो, तर जगच स्वयंभू का चालत नाही?"

इथे हे मध्ये पडले. परीक्षकानं मध्ये पडू नये खरं तर! म्हणाले, "आणि हा प्रश्न काही परदेशातून आलेला नाही, बरं का. चार्वाक सोड, ते तर डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं मानायचे. पण वेद शिरोधार्य मानणारे मीमांसक, यज्ञयागाचे एवढे अभिमानी, त्यांच्यातल्या कुमारिल भट्टानंही जगाचा कर्ता ईश्वर नाकारला होता. सांख्यांचं जुनं दर्शनही निरीश्वरच. तुझ्या आजीनंच मला हे लग्नानंतर शिकवलं."

खरं होतं ते. कॉलेजात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला धक्काच बसला होता. देव न मानणारा माणूस म्हणजे वाया गेलेला, अशी माझी समजूत. आणि इथे शेंडीवाले शास्त्रीबोवा देवाला प्रमाण मागत होते!

मी बाजू बदलली. "बरं, देव नाही हे तरी तुला सिद्ध करता येतं का?"

नात याचीच वाट बघत होती. बर्ट्रांड रसेल या इंग्रज तत्त्वज्ञानं १९५२ साली एका लेखात चहाच्या किटलीचा दाखला दिला होता, तो तिनं पुढे केला. समजा, मी म्हटलं की पृथ्वी आणि मंगळ यांच्या मधून एक चिनी मातीची किटली सूर्याभोवती फिरते आहे, आणि ती इतकी लहान आहे की कुठल्याही दुर्बिणीतून दिसायची नाही. ती नाही, हे तुम्हांला सिद्ध करता येणार नाही. म्हणून ती आहे असं मानायचं का? जो 'आहे' म्हणतो, त्यानं दाखवावं.

"आता तिकडे जाऊन किटली शोधायची म्हणजे..." मी पुटपुटले. यांनी मला शून्य दिलं.

शेवटचा पत्ता म्हणून मी पास्कल काढला. सतराव्या शतकातला हा फ्रेंच गणिती. त्याचं म्हणणं साधारण असं की देव आहे की नाही हे बुद्धीनं ठरत नाही, तेव्हा पैज म्हणून बघा. देव मानला आणि तो निघाला, तर अपार लाभ. मानला आणि नाहीच निघाला, तर नुकसान थोडकं. म्हणून शहाण्यानं मानावंच.

"म्हणजे विम्याचा हप्ता!" नात खो खो हसायला लागली. "आणि आजी, हप्ता भरायचा कुठल्या कंपनीत? शंकराच्या, अल्लाच्या, की येशूच्या? आणि तुझा देव खरंच असेल, तर असल्या हिशेबी भक्ताला तो दारात तरी उभा करील का?"

या शेवटच्या वाक्याला मीच टाळी दिली. बाजू माझी होती, पण बोलली ती खरं.

साबुदाण्याची खिचडी झाली, खाणं झालं. पण नातीचं समाधान होईना. म्हणाली, "आजी, तुला कधी पुरावा मिळाला होता का? खराखुरा?"

हे हसले. "मिळाला होता की! विचार तिला. २१ सप्टेंबर १९९५."

तुमच्यापैकी पुष्कळजणींना तो दिवस आठवत असेल. गुरुवार होता. सकाळपासून बातमी पसरली की देशभर देवळांत गणपती दूध पितो आहे. बघता बघता गल्लीतल्या देवळापुढे रांग लागली. ऑफिसं ओस पडली, दूध मिळेनासं झालं. मीही वाटी-चमचा घेऊन रांगेत उभी राहिले, दीड तास. माझा नंबर आला. संगमरवरी मूर्तीच्या सोंडेला मी चमचा लावला आणि बघते तो काय, दूध हळूहळू नाहीसं झालं! माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मागच्या बाईनं धरून बाजूला केलं, तेव्हा भानावर आले.

घरी येऊन यांना सांगितलं. हे काही बोलले नाहीत. देवघरातला पितळी गणपती उचलून ताटात ठेवला, दुधात चिमूटभर कुंकू कालवलं आणि काठोकाठ भरलेला चमचा सोंडेला टेकवला. चमच्यातलं दूध गेलं, आणि गणपतीच्या पोटावरून तांबडी रेघ ओघळत ताटात उतरली. मग म्हणाले, "भरलेल्या चमच्यातल्या दुधाला वर फुगवटा असतो बघ. तो फुगवटा दगडाला टेकला की पृष्ठताणामुळे दूध दगडाकडे ओढलं जातं आणि पातळ थरानं खाली वाहतं. पांढऱ्या संगमरवरावर पांढरं दूध, दिसणार कसं?" सरकारनं पाठवलेल्या शास्त्रज्ञांनीही दुधात रंग घालून हेच दाखवलं, हे मागाहून वाचलं.

एवढ्यावर थांबतील तर ते 'हे' कसले! ओट्यावरचा खलबत्त्यातला बत्ता घेतला आणि त्यालाही दूध पाजलं. बत्त्यानं ते आनंदानं प्यालं.

नात हसून हसून लोळली. मीही हसले. गेली कित्येक वर्षं आमच्याकडे पाहुणे आले की ही बत्त्याची गोष्ट होतेच, आणि मीही दर वेळी हसते. पण त्या रांगेत मी का रडले, हे आजवर मी कुणाला सांगितलं नव्हतं. यांनासुद्धा नाही.

दुपारी नात माझ्याजवळ येऊन आडवी झाली. म्हणाली, "आजी, मला भाषणाला एक खरी गोष्ट हवी. म्हणजे, पुराव्यावाचून विश्वास ठेवला आणि त्यानं नुकसान झालं, अशी. बाई म्हणाल्या, उदाहरण घरातलं असलं तर जास्त पटतं."

मी बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.

माझ्या मोठ्या जाऊबाई, त्यांना मी वहिनी म्हणायची, स्वभावानं अगदी गाय. मी नवी सून म्हणून आले तेव्हा पुरणाला चटका किती द्यायचा इथपासून सासूबाईंच्या रागाला उत्तर कसं द्यायचं नाही इथपर्यंत सारं त्यांनी शिकवलं. १९८८ साली, दिवाळीच्या आधी, फराळाचं करताना त्यांनी मला आत बोलावलं. म्हणाल्या, "बघ गं, इथे हाताला काहीतरी लागतंय." डाव्या स्तनात सुपारीएवढी गाठ होती. "दुखतं का?" मी विचारलं. "छे, अजिबात नाही."

दुखत नाही म्हणजे काळजीचं नाही, असं तेव्हा आम्हांला वाटलं. आता कळतं, की ही समजूतच घातक. अशा बहुतेक गाठी साध्याच निघतात हे खरं, पण कर्करोगाची गाठ सुरुवातीला पुष्कळदा दुखत नाही. म्हणून दुखण्यावरून काही ठरवायचं नसतं.

डॉक्टरांकडे जायचं म्हणजे पुरुष डॉक्टर, आणि घरात सांगायचं कसं? वहिनींना भारी संकोच. तेव्हा मीच म्हटलं, लक्षात घ्या, आधी मीच म्हटलं, "वहिनी, एसटीनं दोन तासांवर एका गावी एक बाबा आहेत. आमच्या शेजारणीची गाठ त्यांच्या अंगाऱ्यानं विरघळली." शेजारणीची गाठ मी पाहिली नव्हती. विरघळली हेही पाहिलं नव्हतं. पण माझा विश्वास अगदी खरा होता, त्यात लबाडी नव्हती.

दर गुरुवारी आम्ही दोघी भाजी आणायला म्हणून निघायचो आणि एसटी पकडायचो. अंगारा लावायचा आणि पाण्यातून घ्यायचा. बाबा म्हणाले होते, "डॉक्टरच्या सुरीचा स्पर्श झाला, की माझा अंगारा चालणार नाही." सात गुरुवार झाले, मग आणखी अकरा सांगितले. मधे एकदा वहिनी म्हणाल्या, "मोठी झाल्यासारखी वाटते गं." मी म्हटलं, "असं मनात आणू नका, श्रद्धा कमी पडते." हे माझे शब्द. आजही रात्री कधी जाग आली की कानांत वाजतात.

भाऊजींना कळलं तोवर काखेतही गाठी आल्या होत्या. मग धावाधाव. मुंबईला नेलं, ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. १९९० च्या वैशाखात वहिनी गेल्या. धाकटा मुलगा तेव्हा पाचवीत होता. त्या गुरुवारांबद्दल त्यांनी कुणाला सांगितलं नाही. माझं नाव येऊ दिलं नाही.

लवकर दाखवलं असतं तर वहिनी वाचल्याच असत्या, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण वाचण्याची जी संधी होती, ते महिने मी अंगाऱ्यात घालवले, हे खरं आहे.

आता त्या १९९५ च्या रांगेबद्दल. मला पुरावा हवा होता तो एवढ्याचसाठी. देव खराच आहे असं डोळ्यांनी दिसलं, तर वहिनींचं झालं ते त्याच्या इच्छेनं झालं असं म्हणता आलं असतं, माझ्या हातून नव्हे. चमच्यातलं दूध गेलं तेव्हा मला वाटलं, सुटले! आणि संध्याकाळी बत्त्यानं दूध प्यालं, तेव्हा सगळे हसले आणि मी मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

नातीला मी हे सगळं सांगितलं. ती उठून बसली होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "आजी, हे मी नाही सांगणार भाषणात."

मी म्हटलं, "का नाही? ऐक."

कॉलेजात आम्हांला क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाचा १८७७ सालचा एक निबंध अभ्यासाला होता. त्यात एका जहाजमालकाची गोष्ट आहे. जहाज जुनं झालेलं, दुरुस्तीला आलेलं. मालकाच्या मनात शंका येते. पण तो मनाची समजूत घालतो, की आजवर एवढ्या सफरी झाल्या, ईश्वर पाठीशी आहे, काही होणार नाही. प्रामाणिकपणे तसं मानून तो जहाज हाकारतो. भर समुद्रात ते बुडतं, त्यातली कुटुंबं बुडतात. क्लिफर्डचा निवाडा असा, की मालकाचा विश्वास कितीही प्रामाणिक असो, तो दोषी. कारण तपासणं हातात असताना त्यानं तपासलं नाही. आणि पुढे तो म्हणतो, जहाज सुखरूप पोचलं असतं तरी मालक तेवढाच दोषी, फक्त पकडला गेला नसता.

परीक्षेत मी याच्यावर दहा गुणांचं उत्तर लिहिलं होतं. आठ मिळाले होते. आणि १९८८ साली मी स्वतः ते जहाज हाकारलं, तेव्हा त्या उत्तराची मला आठवणसुद्धा झाली नाही! शिकणं वेगळं, आणि शिकलेलं वेळेवर आठवणं वेगळं.

"मग तू अजून दिवा का लावतेस?" नातीनं विचारलं. हे तिनं वादासाठी विचारलं नव्हतं. दारात हे येऊन उभे होते, आणि त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे.

मी जे सांगितलं, ते इथे जमेल तसं लिहिते. मैत्रिणींनो, पटलं तर घ्या.

क्लिफर्डला पुढे १८९६ साली विल्यम जेम्स या अमेरिकन विचारवंतानं उत्तर दिलं होतं. त्याचं म्हणणं, काही प्रश्न असे असतात की ते पुराव्यानं सुटत नाहीत, आणि टाळताही येत नाहीत. तिथे माणसाला मनाचा कौल घेण्याचा हक्क आहे. समोरच्या माणसाला मी आवडते की नाही याचा पुरावा हाती येईपर्यंत मी फटकूनच वागले, तर मैत्री कधी होणारच नाही. थोडा विश्वास आधी टाकावा लागतो.

कॉलेजात मला हे दोघं एकमेकांचे वैरी वाटायचे. आता वाटतं, दोघांचे प्रांत निराळे आहेत. गाठ साधी आहे की वाईट, हा जेम्सचा प्रश्न नव्हेच. तो सुईच्या तपासणीनं सुटणारा प्रश्न. तिथे तपासायचं सोडून विश्वास ठेवणं हा गुन्हा, आणि तो मी केला. पण या सगळ्या पसाऱ्याला काही अर्थ आहे की नाही, गेलेल्या माणसाचं आपल्याशी काही नातं उरतं की नाही, याला कुठली सुई टोचणार? तिथे मी 'आहे' म्हटलं तर मला कुणी मूर्ख म्हणू नये, आणि यांनी 'नाही' म्हटलं तर यांना कुणी पापी म्हणू नये. मात्र 'आहे' म्हणणारीनं एक पथ्य पाळायचं. जे तपासता येतं, त्यात देवाला आणायचं नाही. आणि आपल्या श्रद्धेची किंमत दुसऱ्याला भरायला लावायची नाही.

गाडगेबाबा कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारत, हातात खराटा घेऊन आधी गाव झाडत. त्यांच्या तोंडी देवाचं नाव असे, पण अंगारा-धुपारा नसे. ते मला आता कळतं.

दारातून हे म्हणाले, "कायद्यातही तेच आहे." मग थोडं थांबून नातीला सांगितलं. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या घालून मारण्यात आलं. त्यांची संघटना देव मानू नका असं सांगत नव्हती. देवाच्या नावावर होणाऱ्या फसवणुकीविरुद्ध होती. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले, त्याचा वटहुकूम त्याच महिन्यात निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळानं कायदा केला. त्या कायद्यानं वारी, कीर्तन, पूजा, प्रदक्षिणा यांना हात लावलेला नाही. पण साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला डॉक्टरकडे जाऊ न देता मंत्र घालत बसणं, हा गुन्हा ठरवला आहे.

"म्हणजे मानायला बंदी नाही, अडवायला आहे," नात म्हणाली आणि वहीत लिहून घेतलं.

मग हे माझ्याकडे वळले. "पण मला एक सांग. तुझा देव गाठ बरी करत नाही, पाऊस पाडत नाही, परीक्षेत पास करत नाही. मग तो कामाचा काय?"

मी म्हटलं, "अहो, सगळं कामाचंच असावं लागतं का? मी काही मागायला दिवा लावत नाही. मागणं मी १९९० सालीच बंद केलं. दिवा लावते तेव्हा वहिनींची आठवण काढते, आणि त्या कुठेतरी ऐकत असतील असं मानते. पुरावा नाही, मला ठाऊक आहे. पण त्यामुळे रोज दोन मिनिटं तरी मला स्वतःशी खोटं बोलता येत नाही."

यांना ते पटलं नाही. "हे तुला देवाशिवायही करता येईल," असं म्हणाले. येईलही. पण मला आजवर आलेलं नाही.

नातीला मी म्हटलं, "सांग तू ती गोष्ट. फक्त मला एक दिवस दे."

दुसऱ्या दिवशी मी पुतण्याला फोन केला. वहिनींचा धाकटा, आता त्याचेच केस पांढरे व्हायला लागलेत. सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काकू, आईलाही जायचं होतंच ना?"

मी 'हो' म्हटलं असतं तर सुटले असते. दुधाच्या चमच्यासारखंच झालं असतं. मी म्हटलं, "नाही रे. आधी मीच म्हटलं."

"बरं," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

त्यावर आजवर आमचं पुन्हा बोलणं झालेलं नाही. गणपतीला तो दर वर्षीसारखा जेवायला आला. मोदक वाढताना त्यानं ताट पुढे केलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. निघताना मात्र नेहमीसारखा वाकून नमस्कार केला. त्याच्या मनात काय आहे, ते त्यालाच ठाऊक. माफी काही नवसानं मिळत नाही.

स्पर्धेत नातीचा दुसरा नंबर आला. पहिला नंबर देवाच्या बाजूनं बोललेल्या मुलाचा! यांना ते भारी लागलं. नात मात्र म्हणाली, "तो चांगलंच बोलला, आबा." घरी आल्यावर तिनं आपल्या आईला आणि मला समोर बसवलं आणि विचारलं, "तुम्ही दोघींनी डॉक्टरांकडून तपासून घेतलंय का? खरं सांगा."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. घेतलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात जाऊन आलो. दोघींचंही ठीक निघालं. सून रिक्षात म्हणाली, "देवाची कृपा!" आणि मग जीभ चावून माझ्याकडे बघायला लागली.

मी म्हटलं, "म्हण गं. तपासून आल्यावर म्हणायला काही हरकत नाही."